उलट्या हातातली काठी

व्यायाम शिकवणारी शीजा म्हणाली,
काठी उजवीकडे नको.
दुखतो उजवा खुबा, तर धरायची डाव्या हातात.

बावीस वर्षं उकिडवा बसून
सोहारच्या बंगल्यांत लाद्या बसवल्या मी.
पोरांना सांगायचो, दोन लाद्यांत फट सोडा,
नाहीतर उन्हात फुगतात, तडकतात.
माझ्याच सांध्यातली फट
कधी बुजली, कळलं नाही.

डॉक्टर फिल्मवर पेन टेकवून:
कूर्चा फाटलीय. कापायचं नाही सध्या.
एक सुई. सहा किलो कमी. उकिडवं बसणं बंद.
बंद म्हणजे बंद.

पहाटे कंबरभर समुद्रात चालतो.
पाणी माझं निम्मं वजन
न विचारता उचलतं,
ड्युटीच्या आधी तेवढंच.

रात्री खोलीत सगळे जमिनीवर,
पेपर पसरून, एकाच परातीभोवती.
मला मांडी जमत नाही.
मुनीरने रंगाची रिकामी बादली उपडी केली,
वर टॉवेलची घडी ठेवली.
आता माझा घास
सगळ्यांपेक्षा हातभर उंचावरून.
भात सांडतो.
कुणी काही बोलत नाही.

काल सुभान्या दुसरी बादली घेऊन
शेजारी येऊन बसला,
म्हणाला, खाली मुंग्या झाल्यात.