सात इंची

खडेबाजारात तिसऱ्या दुकानातही तेच:
"सात इंची? येत नाही आता. मोबाईलचं देऊ?"

चौथ्यात ईरण्णा.
टॅब उताणा केला, पट्टी लावली,
कन्नडमधनं आकडे पुटपुटला,
"दहा इंचाचं कापून देतो की.
मॅट घेतासा, का ग्लॉसी?"

मॅट बरं. त्यात ट्यूबलाईट दिसत नाही.
वडगावात माझ्या मागावर ती अगदी डोक्याशी आहे,
दिवसाही लावावी लागते.
शेटनं पाठवलेलं डिझाईन उघडलं, वर मॅट धरलं:
अबोलीचा विटकरी झाला,
मोरपंखीवर राख बसल्यासारखी.
गेल्या दिवाळीत एवढ्याशाच फरकानं
दोन लुगडी परत आली होती.

"ग्लॉसीच दे."
त्यात ट्यूब, त्यात पंखा,
त्यात माझं नाक, राहिलेली दाढी.
चालेल. मान वाकडी करून बघायची सवय आहे.

कापताना ईरण्णा बोलत नाही.
काठ विणताना मीही नाही बोलत.

जुन्या एटीएम कार्डानं त्यानं फुगे कडेला हाकलले.
एक जाईना.
वाकून बघितलं तर फुगा नव्हे, तंतू,
माझ्याच बाहीवरचा, अबोली.

"काढतो, थांबा, टेप आहे."
परत उचललं की धूळ शिरणार,
त्याला ठाऊक, मलाही.
"इरली बिडू," मी म्हणालो.
त्यानं मराठीत शंभराचे ऐंशी केले.

घरी शेवंतानं पदरानं तीनदा पुसला.
मग नखानं.