दूधबदल

पहाटे चारला ऑर्फा पिंजऱ्यांशी येते.
बाहेर मेनचं धुकं, लॉब्स्टरच्या होड्यांचे भोंगे.
शेंगदाण्याएवढं पिल्लू, कातडी इतकी पातळ
की प्यायलेलं दूध पोटात पांढरं दिसतं.
ह्याच्या पोटात अजून काही नाही.
म्हणजे वेळेत पोचले.

चिमटीत उचलायचं, दुसरीच्या कुशीत सोडायचं,
वहीत लिहायचं: जन्माची आई, दूधआई, तारीख.

मग वर्षभराने गाठी मोजायच्या.
पोटच्या लेकी दुसरीकडे वाढल्या, बहुतेक सुटल्या.
परक्या लेकी हिच्या अंगावर प्यायल्या,
त्यांना आली.
दुधात काहीतरी आहे, डॉक्टर म्हणतात.
काहीतरी. नाव नाही अजून.

ऑर्फाची आई बेचाळिसाव्या वर्षी गेली,
मग मावशी, डाव्याच बाजूने.
आमच्या रक्तातच आहे, असं घरी म्हणत.
उंदीर म्हणजे बाई नव्हे, डॉक्टर दोनदा म्हणाले,
तिने काही विचारलं नसताना.

सहाला ती हात धुते, कोपरापर्यंत.
घरी पाळण्यात लेक जागी झाली असेल.
ब्लाउज ओला झालाय, दोन्हीकडे.
रोज ती धावत जाते.
आज धक्क्यावर थांबली आहे,
बटणांवर हात ठेवून.