परीटघडी

तिकिटावर छापलं होतं: एक संध्याकाळ, तीन हॉटेलं, नऊ घोट.
व्हिएन्नातला नोव्हेंबर. ट्रामच्या तारांवर
धुकं वाळत घातलेलं, पिळायचं राहून गेलेलं.
आम्ही सहाजण. सहावी देसान्का,
निळा कोट, पर्स पोटाशी घट्ट.
"सुनेनं दिलंय तिकीट. परत घेत नाहीत,
विचारलं मी."

पहिल्या बारमध्ये पितळी कठडा,
पेल्यात बर्फाचा एकच ठोकळा
आणि त्यावर हॉटेलची आद्याक्षरं.
जिन, व्हर्मुथ, डोंगरउतारावरची कुठलीशी कडू मुळी.
व्हॅलेंटिन म्हणाला, डोळे मिटा,
काय आठवतं ते सांगा.
डॉक्टर हुबर म्हणाले, ओलं जंगल.
त्यांची बायको म्हणाली, चर्चमधलं जुनं लाकूड.
मला काहीच आठवलं नव्हतं,
मी संत्र्याची साल म्हणून टाकलं.
देसान्का म्हणाली,
"कोमट पाणी, चमचाभर व्हिनेगर. वीस मिनिटं."

हसलो आम्ही.
हसू शिष्टाचारात बसेल एवढंच.

दुसरा बार अठराव्या मजल्यावर.
खाली शहर, दिव्यांचं आणि थोडं बेफिकीर.
लिंबू, ब्रँडी, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस,
फेसावर बिटर्सचे तीन थेंब, पिसासारखे ओढलेले.
"याला गरम पाणी लावायचं नाही," ती म्हणाली,
"शिजतो. मग तो कापडाचाच होऊन बसतो."
आणि लाल पेयाकडे बोट करून,
"हा बरा. थंड पाणी, पण लगेच.
मिठाचं सांगतात ते खोटं."

तिसऱ्या हॉटेलच्या दारात मात्र थबकली.
डोअरमननं दार धरलेलं, ती पाय पुसतेय.
पुसून झाले तरी पुसतेय.
"एकतीस वर्षं," म्हणाली,
"पण मागच्या गल्लीतून."

आत बसल्यावर बोलली, टेबलक्लॉथची कड
दोन बोटांत धरून, जणू कुणाची नाडी.
पेयं आमच्याकडे तळघरात डागांतूनच यायची.
यंदा काय चालतंय, कुठल्या टेबलावर भांडण झालं,
सगळं कळायचं.
खिडकीजवळ एक गृहस्थ बसायचे, दर गुरुवारी.
त्यांचा डाग आधी नाण्याएवढा,
मग बशीएवढा. सात वर्षांत
हात किती थरथरायला लागले
ते आम्हीच पाहिलं, मी आणि झेहरानं.
मग एका मार्चात त्या टेबलाचं कापड
स्वच्छ आलं.
"रडलो वगैरे नाही. नावही माहीत नव्हतं.
मशीन जरा उशिरा लावली, एवढंच."

इथला बारटेंडर पोरसवदा. तिनं त्याला सांगितलं:
"तपकिरी, कडेला लालसर, लवंगेचा वास,
इस्त्रीखाली पिवळा पडणारा. ते दे."
तो नकार देईल असं वाटलं.
त्यानं विचार केला, दोन बाटल्या परत ठेवल्या,
तिसरी उघडली.
एक घोट घेऊन ती गप्प.
मग काहीशी रागावून,
"गोड आहे हे."
पुन्हा एक घोट.
"इतकं गोड असेल असं वाटलं नव्हतं."

तेवढ्यात हुबरबाईंचा पेला लवंडला.
पाण्यासारखं पेय, नितळ. वेटर धावला, टिपलं,
"काही नाही, गेलंसुद्धा."
"गेलं नाही," देसान्का म्हणाली.
"साखर आहे. उद्या इस्त्री फिरली
की दिसेल."

निघताना सगळे कोट शोधत होते.
डॉक्टर गुणांची बेरीज करत होते.
मी पाहिलं: तिनं आपला नॅपकिन,
परीटघडीचा, अजून न उलगडलेला,
सावकाश उलगडला,
टेबलक्लॉथच्या ओल्या जागेवर ठेवला
आणि कापडासकट त्या कोपऱ्याला
एक गाठ मारली. सैल, पण नीट.

"हे काय?" मी विचारलं.

"खालच्यांना," ती म्हणाली,
आणि पर्स पोटाशी धरून
पुढच्या दारानं बाहेर पडली.