या हाताचं त्या हाताला

त्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते
आणि आमची एकच उंटीण उरली होती.
तीही बसली की उठायला तयार नसायची.
भावाला तिच्याजवळ ठेवून आई मला घेऊन निघाली
गारिसाहून हगाडेराच्या छावणीकडे,
मालट्रकच्या टपावर, कुणाच्या तरी गाद्यांना धरून.
सोमालियातून पळून आलेल्यांना तिथे
पीठ मिळतं, तेल मिळतं, एवढंच ऐकलं होतं.

आम्ही कुठून पळून आलो नव्हतो.
केनियातलेच आम्ही, फक्त उपाशी.
रांगेत आई कानाशी लागली :
विचारलं तर सांग, किस्मायोहून आलो.
किस्मायो कुठल्या दिशेला तेही मला ठाऊक नव्हतं.
पण विचारलंच नाही कुणी.

टेबलावर एक काच होती, तिच्याखाली हिरवा उजेड.
एका बाईनं माझं बोट धरलं,
ताठ नको, सैल सोड, म्हणाली,
आणि एकेक करून दहाही टेकवली.
काच गार होती.
त्या अख्ख्या उन्हात तेवढीच गार गोष्ट.
मला ती आवडली होती,
हे आज कुणाला सांगायची लाज वाटते.

दान असं करावं, शेख दिरिये सांगायचे,
की या हाताचं त्या हाताला कळू नये.

पंधरा वर्षांनी,
थिकाच्या अध्यापक विद्यालयात नाव लागलं म्हणून
मी ओळखपत्राच्या खिडकीशी उभी राहिले.
शाळेचा दाखला होता. आजोबांचं कार्ड होतं, घडीवर फाटलेलं.
माझी नाळ पुरली ती जागा दाखवू शकेल
अशी एक म्हातारी बाहेर बाकावर बसवली होती.
आणि तोंडपाठ होतं मला :
बिशारो गुलेदची, गुलेद वर्समेचा,
वर्समे इल्मीचा, इल्मी रोबलेचा
(रोबले म्हणजे पाऊस पडताना जन्मलेला),
तिथून मागे आणखी अकरा.

मुटिंडा नावाचा कारकून भला माणूस होता.
त्यानं चौथ्या नावापर्यंत ऐकून घेतलं.
मग म्हणाला, बोट.

मेंदी होती नखांवर. त्यानं स्पिरिटनं पुसून पाहिली.
यंत्र थोडा वेळ गप्प बसलं.
मग त्यानं पडदा माझ्याकडे वळवला :
ही तूच ना?

केसांत धूळ. पुढचा एक दात किडलेला.
आईचा हात खांद्यावर, मनगटापासून पुढे फक्त.
खाली लिहिलेलं : निर्वासित. किस्मायो.

छावणीची यादी सरकारच्या यादीला
कुठल्या रात्री जाऊन मिळाली, मला माहीत नाही.
बोट माझं होतं,
पण निरोप कुणी दिला नाही.

खरं सांगू, त्या क्षणी मला राग आला नाही.
आमच्या घरात माझा लहानपणचा एकही फोटो नाही.
मी मुटिंडाला विचारलं,
याची एक प्रत काढून द्याल का? आईला दाखवीन.

तो खरोखर ओशाळला.
म्हणाला, नाही देता येणार,
ही माहिती गोपनीय असते.
आणि त्यानं पडदा पुन्हा स्वतःकडे वळवून घेतला.

भावाकडे कार्ड आहे.
त्या पिठातलं त्यानंही खाल्लं होतं.
आई म्हणते, तेव्हा मी तुला नेलं नसतं तर,
आणि चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत बसते.
मीही ते वाक्य पुरं करत नाही.
कसंही पुरं केलं तरी त्यात कुणीतरी मरतं.

तानाच्या पुलावर पोलीस बस थांबवतात,
कार्ड नसलेल्यांना खाली उतरवतात.
मी पुलाच्या अलीकडे दूध विकते.
पहाटे पिवळे डबे बसच्या टपावर चढवते,
दोरी आवळते, झाकणांवरून हात फिरवते.
माझ्या दहाही बोटांचे ठसे
रोज सव्वासहाला नदी ओलांडतात.
अजून तरी ते कुणी तपासत नाही.