शेऱ्याचा रकाना

सकाळी साडेआठला मी पांढऱ्या पेटीचं दार उघडतो.
कोरडा पारा, ओला पारा,
गच्चीवरच्या फिरत्या वाट्या,
पावसाचं भांडं, ज्यात बहुतेक दिवस एक मुंगी.
वहीचे सात रकाने भरतात.
आठवा शेऱ्याचा.
वेंगुर्ल्याला बदली होऊन आलो तेव्हाही तो कोराच होता,
माझ्या आधीच्या माणसाच्या वहीतसुद्धा.

कुंपणापलीकडे वाळूत
द्वारका गिरप सुंगटं सुकत घालते.
एखादी अवेळची सर आली
की चटईभर माल दुसऱ्या दिवशी खतात जातो,
म्हणून ती आधी मर्यादवेलीपाशी जाऊन उकिडवी बसते,
पान दोन बोटांत धरते,
दुकानात लुगड्याचा पोत बघावा तसं.

"फुलां अकराक मिटाक होयी होती," म्हणाली एकदा.
"साडेबारा झाले. अजून उघडी आसत.
आज मी घालूचंय नाय."

मी घाटावरचा माणूस. पाऱ्याकडे पाहिलं,
मुंबईहून आलेल्या निरोपाकडे पाहिलं: आकाश निरभ्र.
तीन वाजता आंबोलीच्या अंगानं
एक काळं घोंगडं खाली घसरलं
आणि बंदरावरच्या बायका ताडपत्र्या घेऊन धावल्या.
द्वारका ओट्यावर सुपारी कातरत होती.

मग मी तिच्या मागे मागे.
नाक्यावरचा शिरस भर दुपारी पानं जोडून उभा राहतो,
"तहसीलदार इल्यासारखो."
सुरूच्या बनात सुया पायाला मऊ लागल्या
की ती थांबते, परत चालून बघते.
आणि बहावा? सगळा गाव त्याच्यावरून दिवस मोजतो.
बहाव्यावर तिचा विश्वास नाही.
"तो फुलता उगाच. फोटो काढतत म्हणान."

झाडांना कसं कळतं, मी विचारलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं साहेब माझ्या अक्षराकडे पाहतात.
"झाड काय तुका सांगूक बसलला नाय.
ता आपली तयारी करता.
आपण नुसता चोरून बघूचा."

आठव्या रकान्यात मी लिहू लागलो. पेन्सिलीनं.
मर्यादवेल उशिरा मिटली.
शिरस चारला मिटला, वारा नव्हता.
तपासणीला आलेले साहेब चष्मा वर करून म्हणाले,
ह्याचं एकक काय?
म्हटलं, खोडतो.
खोडरबर टेबलावरच होता. मला तो दिसला नाही.

यंदा चैत्रात ती चुकली.
वेल वेळेवर मिटली, तिनं सगळ्या चटया पसरल्या,
धाकटीच्या नर्सिंगच्या फीचा माल होता,
आणि दोनला सर आली.
दहा मिनिटं.
मी भांडं काचेत ओतून मोजलं: दोन पूर्णांक चार मिलिमीटर.
एवढंसं पाणी.
संध्याकाळी ती ओल्या सुंगटांतून बरी वेगळी काढत होती,
मी शेजारी बसून हात लावला,
माझ्या बोटांना वास लागला तो अजून वहीला येतो.

वाटलं, वेलीला शिव्या देईल.
"वेलीचो दोष नाय.
हाटेलवाल्यांनी भर वाळूत दिवे लावल्यानी.
रातभर उजेड.
झोपच नाय, तर तिका काय कळतला?"

त्या रात्री मी पाहून आलो.
निळे, पिवळे गोळे खांबांवर,
खाली वेल पार भरतीच्या रेघेपर्यंत,
पानन् पान लख्ख.
शेऱ्यात शाईनं लिहिलं: मर्यादवेल जागी.

आता पहाटे ती हॉटेलची भिंत ओलांडून
खाडीच्या तोंडाकडे जाते,
जिथं अजून काळोख आहे.
माझ्या खिडकीतून टॉर्चचा ठिपका दिसतो,
वाळूवरून हलत, होडीला वळसा घालत.
तिथली वेल जवळ आली
की ती टॉर्च विझवते.
पुढचं अंतर मला मोजता येत नाही.