शेऱ्याचा रकाना

मनामात रात्री अडीच वाजता
मी गाणी ऐकत नाही, भरते.
नाव. कालावधी, सेकंदांसकट.
शब्द कुणाचे, चाल कुणाची, कंपनी कुठली,
कुणाला किती टक्के.
सहाच्या आत तक्ता परवाना-कचेरीत गेला पाहिजे,
नाहीतर स्टेशनला दंड, आणि मला ई-मेल.

इथे दिनाराचे हजार फिल्स होतात.
गाणं एकदा वाजलं की त्यांतले काही, कधी एखादाच,
समुद्र ओलांडून कुणाच्या तरी खात्यात जाऊन बसतो.
ऑनलाइन ऐकलं तर फिल्सचेही तुकडे,
इतके बारीक की मोजायला यंत्रच लागतं
आणि यंत्रावर विश्वास ठेवायला पगार.

त्या रात्री एसी गळत होता.
रोहिदास टिकम शिडीवर, तोंडात स्क्रूड्रायव्हर,
आणि वाजत होतं ते रीमिक्स,
जे सध्या सलालापासून कुवेतपर्यंत प्रत्येक हॉलमध्ये वाजतं.
स्क्रूड्रायव्हर पडला. टेबलाची काच थोडक्यात वाचली.
"मॅडम, ह्या गाना माझ्या बापाशीचा."

मी तक्ता पाहिला.
शब्द : पारंपरिक.
चाल : पारंपरिक.
रीमिक्स : तीन नावं मिळून शंभर टक्के.

पारंपरिक म्हणजे मेलेली माणसं, असं मला वाटायचं.
भिवा टिकम जिवंत आहेत. देवबागला. ऐकू कमी येतं.
रापण ओढताना ते हे म्हणायचे, हात एकदम पडावेत म्हणून.
ऐंशी की ब्याऐंशी साली एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आली,
दोन दिवस त्यांच्याकडे जेवली, टेप भरली,
जाताना बिस्किटांचा पुडा दिला.
रोहिदासला त्यातली दीड मिळाली होती.
"बरी होती बाई," तो म्हणाला.
राग त्याला नव्हता. मला आला.

रकान्यात मी नाव टाकलं. भिवा टिकम.
रकाना लाल : रचनाकार क्रमांक नाही.
पुन्हा टाकलं. लाल.
ज्याला क्रमांक नाही त्याला चाल सुचू शकत नाही,
एवढं यंत्राला पक्कं ठाऊक.

जासिम मुहर्रकचा, आमचा साउंड इंजिनिअर.
चहा ओतत म्हणाला,
माझे पणजोबा मोत्यांच्या होडीवर नहाम होते.
बुडी मारणारे वेगळे, दोर ओढणारे वेगळे,
पणजोबा फक्त गायचे.
मोती विकले की वाटणी, आणि वाटणीत गाणाऱ्याचा वाटा.
कर्जात बुडालेला का होईना, वाटा.

रोहिदास शिडीवरूनच :
आमच्यात होडीचा वाटा असतो. जाळ्याचा पण.
वाळूवर माशांचे ढीग लावतात,
जाळं कुठे खाणार आहे? तरी त्याचा ढीग वेगळा.

मग तिघंही गप्प.
बादलीत एसीचं पाणी.

पावणेचारला त्याने घरी फोन लावला, तिकडे सव्वासहा.
म्हाताऱ्याच्या कानाशी फोन धरायला लावून
अख्खं रीमिक्स ऐकवलं.
सवयीने मी सेकंद मोजले. दोनशे अकरा.
त्यानंतर बराच वेळ नुसती खरखर,
आणि मग स्पीकरवर :
"चाल बरोबर आसा रे.
पण दोरी कोणच ओढणा नाय."

तक्त्याच्या टोकाला एक रकाना असतो, शेरा.
तो कुणी वाचत नाही, म्हणून लालही होत नाही.
दर वेळी मी त्यात लिहिते :
चाल भिवा टिकम, देवबाग. हयात.
कचेरीकडून अजून उत्तर नाही.

महिन्याने रोहिदास फिल्टर बदलायला येतो.
पैशांचं विचारत नाही.
"कितके वेळा वाजला?"
सत्तेचाळीस, मी सांगते.
तो जरा वेळ बोटं हलवतो,
कुणाचे किती ढीग, तसं काहीतरी,
आणि शिडी उघडतो.