कडू बदाम

बोहरी आळीत आमचं दुकान, सहा फूट रुंद.
शब्बीरभाई अत्तरवाले, म्हणजे माझे वडील,
बाटलीचं बूच नुसतं फिरवून सांगायचे
खस कनौजचा की भेसळीचा.

मी गणेशखिंडीत बसते, पडद्यासमोर.
कृत्तिका आणि रोहिणीच्या मधे एक काळा ढग आहे,
उणे दोनशे त्रेसष्ट अंश.
तिथे कार्बनचे थोराड रेणू गिरक्या घेतात
आणि गिरकी मंदावताना
इतकंसं पुटपुटतात, रेडिओत.
ज्याची त्याची गिरकी, ज्याचा त्याचा आकडा.
नाकाचं काही काम नाही.

चौपट रात्री रचल्या की खरखर निम्मी होते.
हा हिशोब घरी सांगितला तर बहीण म्हणाली,
त्यापेक्षा भिशी बरी.

ऑगस्टात एक रेषा उगवली.
टोकदार, हव्या त्या आकड्यापाशी.
त्या दुपारी कपातला चहा तसाच राहिला सगळ्यांचा.
तीन आठवडे तिच्यावर डोळा ठेवला.
पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तर आकाशातली रेषा
थोडी सरकायला हवी.
ही जागची हलेना.
खोडदला कुंपणापाशी, थोरव्यांच्या चौकीवर
पोराने बिनतारी कॅमेरा टांगला होता,
बिबट्यासाठी.
थोरवे दोनदा माफी मागून गेले,
तिसऱ्यांदा मेथीची जुडी घेऊन.

बावाजींचं नाक त्या तापात गेलं, ते गेलंच.
बाटल्यांवर आता चिठ्ठ्या आहेत, माझ्या अक्षरात.
चिठ्ठी वाचूनच गिऱ्हाइकाला देतात,
पण बूच आधी नाकाशी नेतात.

"तू शोधतेस त्याला वास कसला?"
कडू बदामाचा, असं पुस्तकात आहे. मी घेतलेला नाही.
ते गल्ल्यातली नाणी लावत राहिले.
मग म्हणाले, कडू बदाम आधी गोडच वाटतो.
तिसऱ्या श्वासाला टाळूमागे लोखंड लागतं.
आणि मनगटावर राहिला ना,
तर संध्याकाळी मरव्याच्या फार जवळ जातो,
मरवा नव्हे.
मी पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं.

सोमवारी पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरुवात.
थोरव्यांनी कॅमेरा उतरवला, वायर गुंडाळली.
आता बिबट्या आला तर कळणार कसं, मी विचारलं.
वास येतो की, म्हणाले.
आंबेमोहोर शिजल्यासारखा.